विझत्या प्रकाशाची जन्मवेळ

४ जानेवारी २०१७. भारतात दुपारचे पावणेचार वाजत आले होते. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांतून त्या क्षणी एक गुरुत्वीय लहर आरपार निघून गेली. सूर्याच्या सुमारे ३१ पट आणि १९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि त्या घटनेची थरथर सुमारे ३०० कोटी प्रकाशवर्षे ओलांडून आपल्यापर्यंत आली होती. या घटनेला तारखेवरून नाव मिळाले, जीडब्ल्यू१७०१०४.

लहर कुठून आली हे मात्र धड सांगता येत नव्हते. इटलीतली व्हर्गो वेधशाळा तेव्हा सुरू नव्हती आणि दोनच वेधशाळांच्या नोंदींवरून दिशा काढली की आकाशाचा भलामोठा पट्टा हाती येतो. या वेळचा पट्टा हजाराहून अधिक चौरस अंशांचा होता. पूर्ण चंद्र आकाशाचा जेमतेम एक पंचमांश चौरस अंश व्यापतो, म्हणजे पाच हजारांहून अधिक चंद्र मावतील एवढ्या जागेत शोध घ्यायचा होता, आणि तोही बहुधा प्रकाशच नसलेल्या गोष्टीचा. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली तर उजेड पडावा असे काही तिथे शिल्लक नसते, असे सर्वसाधारण मत आहे. तरीही जगभरच्या दुर्बिणी त्या पट्ट्याकडे वळल्या. मत आणि मोजमाप यांत फरक असतो.

सुमारे २३ तासांनी हवाई बेटांवरच्या हालेआकाला शिखरावरून अ‍ॅटलास दुर्बिणीला काहीतरी सापडले. अ‍ॅटलासचा आरसा अर्ध्या मीटरचा आणि तिचे मूळ काम पृथ्वीकडे येणारे लघुग्रह हेरण्याचे. सप्तर्षी ज्या तारकासमूहात येतात त्याच समूहात, आधी काही नसलेल्या जागी एक ठिपका दिसत होता आणि तो झपाट्याने मंदावत होता. त्याचे नाव पडले अ‍ॅटलास१७एईयू. पुढच्या तीन रात्रींत तो मावळत गेला. स्विफ्ट उपग्रहाला तिथून क्ष-किरण येताना दिसले, रेडिओ दुर्बिणींनाही तिथे स्रोत सापडला.

हा प्रकाश खरोखर कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आला असता, तर ती त्या वर्षातली सर्वांत मोठी बातमी ठरली असती. जागा बरोबर पट्ट्यात होती. वेळ एका दिवसाच्या आतली होती. वस्तू असामान्य होती. तिन्ही गोष्टी जुळल्यावर माणसाचे मन चौथीची वाट पाहत नाही. हा मोह एका आलेखाने आणि पुण्या-मुंबईशी जवळचे नाते असलेल्या एका उपग्रहाने कसा दूर केला, ती गोष्ट मला आधुनिक खगोलशास्त्रातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. ती गाजली नाही, कारण तिच्या शेवटी ‘संबंध नाही’ असे उत्तर आले. पण विझणाऱ्या प्रकाशाकडून माहिती कशी काढून घ्यायची, हे त्या उत्तरात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

आधी मोजण्याविषयी. ताऱ्यांचे तेज सांगण्यासाठी ‘प्रत’ वापरतात हे शाळेत वाचलेले असते. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक, हे प्रमाण नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ मध्ये सुचवले. तेच पॉग्सन पुढे १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख म्हणून भारतात आले आणि १८९१ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एका ताऱ्याचे तेज बदलते हे शोधून काढले. ‘आर रेटिक्युली’ हा तो तारा. बदलत्या तेजाची नोंद ठेवणे ही आपल्याकडे बाहेरून नुकतीच आलेली विद्या नाही, म्हणून हा उल्लेख.

आज ते मोजमाप कॅमेऱ्याच्या चिपवर होते. दुर्बिणीने घेतलेल्या कच्च्या प्रतिमेतून आधी इलेक्ट्रॉनिक्सने घातलेली भर वजा करायची. चिपचा प्रत्येक बिंदू प्रकाशाला सारखा प्रतिसाद देत नाही, म्हणून संध्याकाळच्या एकसारख्या आकाशाच्या प्रतिमेने तिला भागायचे. नवी वस्तू एखाद्या दीर्घिकेच्या धूसर उजेडात बसली असेल, तर त्याच भागाची जुनी प्रतिमा नव्या प्रतिमेतून वजा करायची. स्थिर असलेले सारे नाहीसे होते आणि बदललेले तेवढे उरते. मग त्या ठिपक्याभोवती वर्तुळ आखून आतला प्रकाश मोजायचा, आजूबाजूच्या आकाशाचा उजेड त्यातून काढून टाकायचा आणि त्याच चौकटीतल्या, तेज आधीपासून ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी तुलना करायची. ढगाचा पातळ पापुद्रा आला, हवेत धूळ असली, तरी ती वस्तूला आणि शेजारच्या ताऱ्यांना सारखीच झाकते, म्हणून तुलना टिकते. एवढ्या खटपटीनंतर हाती येतो एक आकडा. त्याला तीन गोष्टी जोडल्याशिवाय त्याला किंमत नाही: चूक किती असू शकते, कोणत्या रंगाच्या फिल्टरमधून पाहिले आणि नेमके केव्हा.

ठिपका दिसलाच नाही तर? तीही नोंद होते. ‘अमुक वेळी, अमुक प्रतीपर्यंत काहीही नव्हते.’ आलेखावर ती खाली टोक केलेल्या छोट्या त्रिकोणाने दाखवतात. रात्रभर जागून हाती फक्त असा एक त्रिकोण लागणे हे निराशेचे वाटेल, पण स्फोटाच्या आदल्या रात्रीचा त्रिकोण कित्येकदा नंतरच्या दहा ठिपक्यांपेक्षा मोलाचा असतो. वस्तू त्याआधी जन्मलेली नव्हती, असे ठामपणे सांगणारा तो एकमेव साक्षीदार.

असा झपाट्याने विझणारा ठिपका कशाचा असू शकतो? एक शक्यता म्हणजे गॅमा किरण स्फोट. एखाद्या प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळतो तेव्हा त्यातून जवळपास प्रकाशाच्या वेगाने पदार्थाचा झोत फुटू शकतो. तो आपल्या दिशेने असेल तर काही सेकंद गॅमा किरणांचा लोट येतो. नंतर तो झोत ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूत घुसतो, मंदावत जातो आणि त्या धडकेतून क्ष-किरण, दृश्य प्रकाश, रेडिओ असा उजेड निघत राहतो. याला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. तो ज्या रीतीने विझतो तिला एक शिस्त आहे. वेळ किती मिनिटांनी वाढली याला महत्त्व नसते, किती पटींनी वाढली याला असते. वेळेच्या ठरावीक घातांकाच्या प्रमाणात तेज घटत जाते. तो घातांक १.३ धरला, तर वेळ दुप्पट झाली की तेज सुमारे ४० टक्क्यांवर येते, आणि वेळ दहापट झाली की विसाव्या भागावर. दोन्ही अक्षांवर पटींचे माप घेऊन आलेख काढला की हे विझणे सरळ रेषेत दिसते.

सगळी गोम ‘वेळ’ या शब्दात आहे. कुठल्या क्षणापासूनची वेळ? अ‍ॅटलास१७एईयू पहिल्यांदा दिसला तो गुरुत्वीय लहरीनंतर सुमारे २३ तासांनी. समजा, तो लहरीच्या क्षणीच जन्मला. मग पुढच्या रात्री त्याच वेळी त्याचे वय ४७ तास, म्हणजे जेमतेम दुप्पट. दुपटीत तेज अर्ध्याच्या आसपास उतरायला हवे. आता दुसरे समजा: तो दिसण्याच्या तीनच तास आधी जन्मला. मग पुढच्या रात्री त्याचे वय २७ तास, म्हणजे नऊपट, आणि घातांक १.३ असेल तर तेज सतराव्या भागावर. हे सतरा पटींचे उतरणे पहिल्या गृहीतकात बसवायचे तर घातांक चारपर्यंत ओढावा लागतो, आणि आफ्टरग्लो असे कोसळत नाहीत. हे आकडे मी समजावण्यापुरते सोपे करून घेतले आहेत, पण तर्क नेमका हाच. ठिपका किती वेगाने मंदावतो आहे यावरूनच त्याचे वय काढता येते. कोवळा आफ्टरग्लो धडाधड उतरतो, जुना सावकाश.

वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच केले. मोजलेल्या तेजांतून उलटे जात त्यांनी जन्मवेळ काढली, ती आली गुरुत्वीय लहरीनंतर सुमारे २१ तासांची, तासाभराच्या अनिश्चिततेसह. म्हणजे लहर गेली तेव्हा हा प्रकाश निर्माणच झालेला नव्हता. मग २०-२१ तासांनी काय घडले होते?

उत्तर अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदींत होते. भारताचा हा पहिला बहुतरंगलांबी खगोल उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला आणि सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरू लागला. त्यावरचे सीझेडटीआय हे उपकरण कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या संवेदकांचे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचे आयुका यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि त्याची माहिती येऊन हाताळली जाते ती आयुकातच. हे उपकरण समोरच्या ठरावीक भागाचे क्ष-किरणांतले चित्र घेण्यासाठी बनवलेले. पण शंभर किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरच्या ऊर्जेला त्याच्या बाजूच्या भिंती पारदर्शक होतात आणि मग पृथ्वीने झाकलेला भाग सोडून ते चहूकडून येणारे गॅमा किरण टिपू लागते. उपकरण सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ ला, त्याने असा पहिला स्फोट पकडला. पुढे ही संख्या सहाशेच्या वर गेली.

५ जानेवारी २०१७ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेबाराच्या सुमारास, सीझेडटीआयच्या नोंदींत एक उंचवटा उठलेला दिसतो. गुरुत्वीय लहरीनंतर सुमारे २० तासांनी. तो होता जीआरबी १७०१०५ए हा गॅमा किरण स्फोट. इतर अंतराळयानांनीही तो टिपला होता, आणि वेगवेगळ्या यानांपर्यंत किरण पोचण्याच्या वेळांत जो बारीक फरक असतो त्यावरून दिशा काढली तर तीही जुळत होती. अ‍ॅटलासला दिसलेला ठिपका या स्फोटाचा आफ्टरग्लो होता. कृष्णविवरांशी त्याचे नाते एवढेच, की आकाशात दोघांची जागा योगायोगाने एकाच पट्ट्यात आली.

या कामाची ताकद मला वाटते ती अशी. एका बाजूला काचेच्या आरशांनी दोन-तीन रात्री टिपलेले मोजके ठिपके आणि दुसऱ्या बाजूला उपग्रहाने टिपलेले काही सेकंद. दोन्ही नोंदी एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र. ठिपक्यांनी जन्मवेळ सांगितली आणि त्या वेळेच्या आसपास खरोखर एक जन्म नोंदलेला निघाला.

विझण्याची चाल फक्त वय सांगत नाही, आकारही सांगते. २३ जानेवारी १९९९ चा स्फोट या बाबतीत अजून आठवला जातो. न्यू मेक्सिकोतल्या रोट्सी या स्वयंचलित यंत्रणेने अवघ्या २२ सेकंदांत कॅमेरे तिकडे वळवले. पहिल्या मिनिटात तो प्रकाश नवव्या प्रतीच्या आसपास पोचला. अंधाऱ्या जागेवरून साध्या द्विनेत्रीनेही दिसला असता, आणि तो आला होता विश्वाच्या निम्म्याहून अधिक वयाइतक्या जुन्या काळातून. दहाच मिनिटांत तो चौदाव्या प्रतीपलीकडे उतरला. ऊर्जेचा हिशेब मांडला तर दोन सूर्यांचे जवळजवळ सगळे वस्तुमान ऊर्जेत बदलल्यासारखा आकडा येत होता, आणि हे कुठल्याच सिद्धांतात बसेना. दोनेक दिवसांनी आलेखातली सरळ रेष वाकली, उतार अधिक तीव्र झाला. प्रकाश सर्व दिशांना न फेकता अरुंद झोतात फेकला गेला असेल तर, झोत मंदावल्यावर असाच वाक यावा लागतो. झोत धरला की ऊर्जेचा आकडा शंभरएक पटींनी खाली येतो. ही उकल करणाऱ्या कॅलटेकच्या गटाचे नेतृत्व श्रीनिवास कुलकर्णी यांच्याकडे होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा आणि बालपण हुबळीचे. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच स्फोटाचा मावळता प्रकाश नैनितालच्या सुमारे एक मीटरच्या दुर्बिणीनेही मोजला होता. भारतातून आफ्टरग्लो मोजण्याची परंपरा तिथून सुरू होते.

आणि ज्या वर्षी अ‍ॅटलास१७एईयूने ‘नाही’ असे उत्तर दिले, त्याच वर्षी ‘हो’ असे उत्तरही आले. १७ ऑगस्ट २०१७, भारतीय वेळ संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटे. या वेळी दोन न्यूट्रॉन तारे आदळले होते. १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले. व्हर्गो त्या महिन्यातच सामील झाली होती, त्यामुळे शोधायचा भाग तीसेक चौरस अंशांवर आला. अकरा तासांच्या आत चिलीतल्या लास काम्पानासवरच्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीने वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेजवळ नवा ठिपका शोधला. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे. तासाभरात आणखी पाच गटांना तोच स्वतंत्रपणे दिसला.

हा ठिपका मावळण्याची रीत अगदी वेगळी होती. पहिल्या रात्री तो निळसर आणि सुमारे ११,००० केल्विन तापमानाचा होता. दोनेक दिवसांत तापमान सुमारे अर्ध्यावर आले. निळ्या फिल्टरमधून तो दिवसागणिक कोसळत होता, आणि अवरक्तात मात्र आठवडाभराहून अधिक काळ रेंगाळला. ज्यांनी एकाच रंगात मोजले त्यांना कथेचा एकच धागा मिळाला, सगळ्या रंगांतल्या नोंदी एकत्र आल्या तेव्हा अर्थ लागला. टकरीतून सूर्याच्या सुमारे विसाव्या भागाइतका पदार्थ प्रकाशाच्या दहा ते तीस टक्के वेगाने बाहेर फेकला गेला होता. त्यात न्यूट्रॉन गिळून जड मूलद्रव्ये तयार होत होती. त्यांतली लँथनाइड गटातली मूलद्रव्ये निळा प्रकाश अडवतात, त्यामुळे जिथे ती भरपूर तिथला उजेड लाल आणि संथ, जिथे कमी तिथला निळा आणि चपळ. सोने आणि प्लॅटिनम घडण्याची एक जागा अशी विझण्याच्या वेगातून उघड झाली. २०१९ मध्ये त्याच प्रकाशाच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियमची खूणही ओळखली गेली.

ही वस्तू आकाशात सूर्याच्या इतकी जवळ दिसत होती की संध्याकाळी अंधार पडल्यावर थोडाच वेळ हाती असायचा, आणि महिना उलटण्याआधी ती सूर्याच्या झळाळीत बुडाली. रेडिओ दुर्बिणींना दिवसाची अडचण नसते. सोळाव्या दिवशी तिथून रेडिओ लहरी दिसू लागल्या आणि दृश्य प्रकाश विझून गेल्यावर त्या पाचेक महिने वाढत राहिल्या, मग उतरल्या. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी, या वस्तूचे कमी वारंवारितेवर वेध घेतले. आधी चढून मग उतरणाऱ्या त्या रेषेने सांगितले की इथेही झोत होता, फक्त तो आपल्याकडे सरळ रोखलेला नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये भारतातून दृश्य प्रकाशात पाहणे अवघडच होते. पाऊस हे एक कारण. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची चांगली दुर्बीण आहे, पण सह्याद्रीतला पावसाळा तिला दरवर्षी काही महिने डोळे मिटायला लावतो. लडाखमधले हान्ले हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे, उंची सुमारे ४,५०० मीटर. तिथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी मिळून ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण उभारली आणि जून २०१८ मध्ये ती सुरू झाली. ती स्वयंचलित आहे: सूचना आली की ठरलेल्या जागी वळते आणि प्रतिमा घेते. भालेराव आयआयटी मुंबईत याच कामात आहेत.

हान्लेचे महत्त्व नकाशा पाहिला की कळते. ते सुमारे ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे. हवाईत फटफटायला लागते तेव्हा हान्लेत रात्र सुरू होऊन गेलेली असते. अ‍ॅटलास१७एईयूसारखा ठिपका पहाटेच्या तोंडावर हवाईत सापडला, तर पुढचे मोजमाप लगेच लडाखमधून घेता येते. युरोप आणि अमेरिकेत अंधार पडेपर्यंत त्याचे वय कित्येक पटींनी वाढलेले असते. पटींचे गणित लक्षात घेतले तर हे पहिले काही तास पुढच्या आठवड्याइतके भरगच्च असतात. ते निसटले की कुठलाही मोठा आरसा ते परत आणू शकत नाही. म्हणूनच सत्तर सेंटिमीटरच्या दुर्बिणीला दुय्यम मानणे मला मान्य नाही. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांना पैसा मिळतो आणि मिळायलाही हवा. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळच्या लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींची मंजुरी दिली, ही आनंदाची गोष्ट आहे. ती वेधशाळा सुरू झाल्यावर लहरींची दिशा आणखी नेमकी कळेल, शोधाचा पट्टा आक्रसेल. पण त्या पट्ट्यातला ठिपका दर तासाला मोजायला लहान, चपळ दुर्बिणी लागतील, त्या चालवणारे विद्यार्थी लागतील, आणि त्यांच्यासाठीची तरतूद आतापासून व्हायला हवी.

घाई करण्याचे दुसरेही कारण आहे. चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या व्हेरा रूबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिल्या प्रतिमा जाहीर केल्या. ८.४ मीटरचा आरसा, ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि रात्रीला सुमारे एक कोटी बदलांच्या सूचना अपेक्षित. मात्र ती आकाशाच्या त्याच भागाकडे सरासरी तीन-चार रात्रींनी परतणार. अ‍ॅटलास१७एईयूचे सारे उतरणे जवळपास तेवढ्याच काळात आटोपले होते. रूबिनला असा ठिपका एकदाच दिसला, तर तिच्या नोंदीत एकच बिंदू पडेल, आणि एका बिंदूतून ना वेग निघतो ना जन्मवेळ. चिलीतला अंधार संपल्यावर चार-पाच तासांनी हान्लेत अंधार पडतो, आणि दक्षिणेच्या आकाशाचा बराचसा भाग तिथूनही क्षितिजावर येतो. दुसरा बिंदू तिथून पडू शकतो.